सूत कातणारे वकील : सार्वजनिक काका

भोराहून निघून मोठ्या रस्त्यास लागलें म्हणजे एका अंगास पुणें व दुसऱ्या अंगास सातारा. या दोन शहरांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा एका वकिलाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांस सार्वजनिक काका म्हणत. ते भोरचे नव्हेत, हें आरंभींच सांगून टाकतों. परंतु भोर व वेल्हें येथील डोंगरांत घोंगडी, बुरुडाची टोपली व हातमागाचें लुगडें यांवर किती पिढ्यांचा संसार झाला, हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही हकीकत परकी वाटणार नाहीं.

काकांचा जन्म सातारा येथें १८२८ सालीं झाला. प्रथम ते सरकारी कचेरींत नाझर होते. पुढें वकिलीची परीक्षा देऊन पुण्यास वकिली करूं लागले. पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयीं लोकांत असंतोष होता, त्यांतूनच ता. २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभा निघाली. तिच्यासाठीं ते इतके झटले कीं, सभेचें नांवच त्यांस चिकटलें.

ता. १२ जानेवारी १८७२ रोजीं काकांनीं शपथ घेतली कीं, यापुढें आपण स्वतः कातलेल्या सुताचीच खादी नेसूं. ही शपथ वाचावयास सोपी आहे. पाळावयास कशी असेल, तें ज्या घरांत कधीं चरखा फिरला त्या घरच्या वडील बायांस विचारावें. कापूस पिंजावयाचा, त्याचे पेळू करावयाचे, मग एका हातानें चाक फिरवीत दुसऱ्या हातानें धागा ओढावयाचा. तो तुटला कीं पुन्हा जोडावयाचा. दहा हात धोतरास हजारों हात सूत लागतें. अशिलांचे कागद वाचणाऱ्या, सभेचे अर्ज लिहिणाऱ्या गृहस्थानें हें काम रोज अंगावर घ्यावें, याचें आम्हांस फार नवल वाटतें. वकिलाचा वेळ म्हणजे त्याचा पैसा. तो काकांनीं चात्यावर गुंडाळला! त्या दिवशीं गांधीजी अवघे दोन वर्षांचे मूल होते, हें येथें सहज नमूद करतों.

हा नुसता छंद नव्हता. विलायतेच्या गिरण्यांचें कापड स्वस्त येऊं लागल्यानें येथील कोष्ट्याचा माग बसत चालला होता, आणि माग बसला म्हणजे त्यास सूत पुरविणारी बाईही बसते. न्यायमूर्ति रानडे हे १८७१ सालीं पुण्यास आले व त्यांनीं व्यापारावर व्याख्यानें दिलीं. काकांनीं तो विचार हातीं धरून देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढिलें. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या असले जिन्नस येथेंच व्हावे म्हणून उत्तेजन दिलें. माल खपावा म्हणून पुणें, सातारा, नागपूर, मुंबई, सुरत वगैरे ठिकाणीं सहकारी तत्त्वावर दुकानें निघालीं. यांत त्यांस पदरची झीज सोसावी लागली. भांडणें कचेरीबाहेर मिटावीं म्हणून लवाद न्यायसभाही त्यांनीं काढिली. म्हणजे धंद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर आपल्याच हातानें आपलीं गिऱ्हाइकें घालविलीं. असा वकील आम्हीं दुसरा ऐकिला नाहीं.

ता. १ जानेवारी १८७७ रोजीं राणी व्हिक्टोरिया हिचें सम्राज्ञीपद जाहीर करण्यासाठीं दिल्लीस दरबार भरला. इकडे दक्षिणेंत दुष्काळानें माणसें मरत होतीं. सभेच्या वतीनें काका तेथें गेले ते खादीच्या पोषाखांत. भोंवतालीं रेशीम, जर व जवाहीर यांची लयलूट होती. त्यांत हें जाडेंभरडें धोतर कोणास हास्यास्पदही वाटलें असेल. पण तें वस्त्र अंगावर चढविण्यासाठीं किती सकाळ-संध्याकाळ चरख्यापुढें गेल्या असतील, याचा हिशेब पाहणाऱ्यांपैकीं कोणास असणार?

१८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यास राजद्रोहाचा खटला चालला. त्यांची बाजू घेणें म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणें होतें. काका उभे राहिले, व त्यांच्यासह चिंतामण पांडुरंग लाटे हेही. फडक्यांस जन्मठेप होऊन एडनास धाडण्यांत आलें.

पुढल्याच वर्षीं, ता. २५ जुलै १८८० रोजीं, काका वयाच्या ५३ व्या वर्षीं वारले. त्यानंतर दोन वर्षांनीं सरकारनें परदेशी कापडावरील जकात सर्वस्वीं उठविली.