न विचारता सुरू असलेली सोय

मंडळी, सातारा-सांगलीकडच्या आपल्या लोकांना ऊसबिलातली कपात काही नवी नाही. बिल हातात पडतं तेव्हा कुठल्याशा निधीची रक्कम आधीच वजा झालेली असते. हरकत असेल तर अर्ज करा!

लिनक्सच्या इतिहासातही असं एक प्रकरण आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये उबंटूची १२.१० ही आवृत्ती आली. स्वतःच्याच संगणकातली फाईल शोधायला शब्द टाइप केला, की तो कॅनोनिकल कंपनीच्या सर्व्हरवर जाई आणि ॲमेझॉनवरच्या वस्तू समोर येत. बंद करता येत होतं, पण मुळात चालूच होतं. रिचर्ड स्टॉलमन यांनी याला सरळ हेरगिरी म्हटलं.

नको त्याने बंद करावं, हा युक्तिवाद म्हणजे लॉकची मूक संमतीच की. रस्त्याने चाललात, म्हणजे राज्य मान्य केलंत! ह्यूमने १७४८ मध्येच विचारलं होतं, झोपेत जहाजावर चढवलेल्या माणसाची कसली संमती? आम्हांला ह्यूमचं पटतं. पैसा लागतो हे खरंच, फुकट वाटणाऱ्यालाही वीजबिल येतं. पण डेबियन पाहा. कोणती पॅकेजेस वापरता ते कळवू का, असं ते बसवतानाच विचारतं, आणि उत्तर आधीपासून 'नाही'वर असतं.

उबंटूने ती सोय मुळातूनच बंद ठेवली ती १६.०४ मध्ये, एप्रिल २०१६ ला. साडेतीन वर्षं गेली मधे.