कोपऱ्यात उभं राहून निवड: आयोवाच्या कॉकसची गोष्ट

आजची गोष्ट अमेरिकेतल्या आयोवा राज्याची. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे मला तिच्यात राजकारणाइतकंच सिस्टिम डिझाइनही दिसतं.

सुरुवात १९६८ पासून. शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन चालू होतं. बाहेर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उतरलेल्या तरुणांवर पोलिसांच्या लाठ्या पडत होत्या आणि आत ह्यूबर्ट हम्फ्री राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ठरले. त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती! उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, बऱ्याच राज्यांत पक्षातली वजनदार मंडळीच ठरवायची. कार्यकर्ते भडकले. मग मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने नियम बदलले: प्रतिनिधी निवडायच्या सभा आधी जाहीर करा आणि सदस्यांना खुल्या ठेवा.

आयोवात ही निवड चार पायऱ्यांची: आधी वस्ती, मग काउंटी, मग जिल्हा, शेवटी राज्य. प्रत्येक पायरीला पुरेसा वेळ द्यायचा तर पहिली सभा लवकर घ्यायला हवी. म्हणून १९७२ मध्ये ती २४ जानेवारीला झाली आणि आयोवा देशात पहिलं आलं! १९७६ मध्ये तिथे सगळ्यात जास्त, सुमारे ३७ टक्के लोक 'अजून ठरलं नाही' या गटात होते. जिमी कार्टर २८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दुसरे. तरी गाजले कार्टर, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षही झाले.

आता सभा कशी चालायची ते बघा. संध्याकाळी ७ वाजता शाळेच्या हॉलमध्ये, चर्चमध्ये शेजारीपाजारी जमायचे. डेमोक्रॅटांकडे गुप्त मतदान नाही. आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. बहुतेक ठिकाणी १५ टक्क्यांहून कमी लोक असले की तो गट बाद. मग बाकीचे गट त्यांना बोलवायला यायचे: "या आमच्याकडे!" शेवटच्या मोजणीवरून काउंटीला जाणारे प्रतिनिधी ठरायचे. निवडणुकीच्या दिवसापर्यंत १८ पूर्ण होणार असतील तर १७ वर्षांची मुलंही यात भाग घ्यायची.

३ फेब्रुवारी २०२० ला निकाल कळवायला नवं ॲप आलं. अनेक ठिकाणी ते चालवताच आलं नाही, आणि आलेली माहिती कोडमधल्या चुकीमुळे अर्धवटच पुढे जात होती. हेल्पलाइन जाम झाली. निकाल काही दिवस लांबला. पण त्या वर्षी पहिल्यांदाच प्रत्येकाची पसंती कागदी कार्डावर लिहून घेतली होती, म्हणून पडताळणी तरी करता आली. आम्ही इंजिनिअर लोक बॅकअप बॅकअप म्हणतो ना, तो इथे कागद होता!

मला मात्र ॲपपेक्षा जुना बग जास्त खटकतो. रात्रपाळीची नर्स, तान्ह्या बाळाची आई, घराबाहेर पडू न शकणारे आजोबा यांनी ७ वाजता यायचं कसं? दार सगळ्यांना उघडं होतं, पण पोचायचे तेवढेच मोजले जायचे. शिवाय बॉस समोरच्या कोपऱ्यात उभा असेल तर पाय कुठे वळतील, सांगा!

२०२४ मध्ये डेमोक्रॅटांनी पसंती टपालाने घेतली. नर्सची सोय झाली. पण शेजाऱ्याने समोर येऊन "का रे, तुझा उमेदवार बाद झाला, आता आमचं ऐक" म्हणणं गेलं. मला विचाराल तर हा सौदा मंजूर आहे: वाद नंतर चहावरही घालता येतो, हुकलेलं मत परत मिळत नाही.

तुम्हाला पटतं का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!