झोपलेल्या चिपचा जागा पहारेकरी

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. यातले बरेचसे पाणी सातारा जिल्ह्याच्या डोंगरांत पडून कृष्णा-कोयनेतून खाली येते. म्हणून महाबळेश्वर-नवजाकडचा पाऊस सांगलीला वेळेत कळायला हवा. जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात (२००६ ते २०१४) कृष्णा-भीमा खोऱ्यांत पाऊस व पाणीपातळी आपोआप कळवणारी केंद्रे उभी राहिली. दुर्गम जागी अशी उपकरणे सौरपट्टी आणि बॅटरीवर चालतात. पण पाऊस मोजायचा त्याच दिवसांत ऊन नसते!

अशा उपकरणातला मायक्रोकंट्रोलर बराच वेळ झोपवून ठेवता येतो. मग वीज खाते कोण? उत्तरासाठी थोडा इतिहास पाहू.

१९६९ मध्ये अमेरिकेतील नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत बॉब विडलर यांनी तीन पायांचा, ५ व्होल्टचा रेग्युलेटर एकाच चिपवर बसवला. पुढे त्याच धर्तीचा ७८०५ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सर्रास दिसू लागला. बाहेरचा विद्युतदाब कमीजास्त झाला तरी आत ठरलेलाच दाब पोचवणे, हे याचे काम. त्यासाठी आतला एक प्रमाण दाब आणि त्याच्याशी तुलना करणारा वर्धक सतत जागा लागतो. या पहाऱ्यासाठी ७८०५ स्वतः सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो. ७ अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्यावरच १४०० तासांत, म्हणजे सुमारे ५८ दिवसांत संपेल. पावसाळा मात्र चार महिन्यांचा!

ट्रान्झिस्टर लहान होत गेले, तसे त्यांना ५ व्होल्ट सोसेनात. म्हणून चिपचा गाभा कमी दाबावर चालवून रेग्युलेटर चिपमध्येच घेण्यात आला. २००७ मध्ये आलेल्या एसटीएम३२ मालिकेतील एफ१०३ चिपचा गाभा १.८ व्होल्टवर चालतो. 'स्टॉप' नावाच्या झोपेत आतला रेग्युलेटर पूर्ण जागा ठेवला, तर चिप सुमारे २४ मायक्रोअँपिअर घेते. त्यालाही मंद केले, तर सुमारे १४. म्हणजे झोपेतला दोन-पंचमांश खर्च पहारेकऱ्याच्या जादा दक्षतेचा होता. बदल्यात जागे व्हायला ३.६ ऐवजी ५.४ मायक्रोसेकंद लागतात. पर्जन्यमापकाला तेवढी घाई नसते.

मात्र अशा चिपबाहेर जुन्या वळणाचा रेग्युलेटर जोडला, तर तो एकटाच तिच्या साडेतीनशे पट वीज खाईल आणि सारी काटकसर वाया जाईल.

वर्गात हे सहज दाखवता येते. ७८०५ च्या पुढे काहीही न जोडता त्याला ९ व्होल्टची बॅटरी द्या आणि आत जाणारा प्रवाह मल्टिमीटरने मोजा. काम काहीच नाही, तरी काटा हलतो. बॅटरी किती दिवस पुरेल, हा हिशेब विद्यार्थ्यांनाच करू द्या.