शेल शॉक, एक कादंबरी आणि न ऐकणारे डॉक्टर

पहिल्या महायुद्धात आघाडीवरून काही सैनिक वेगळ्याच तक्रारी घेऊन परत येऊ लागले. अंगावर जखम नाही, पण हात थरथरतात, वाचा बसते, झोप उडते. फेब्रुवारी १९१५ मध्ये डॉ. चार्ल्स मायर्स यांनी 'द लॅन्सेट' या नियतकालिकात अशा तीन रुग्णांची माहिती दिली आणि 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय लिखाणात आला. शेल म्हणजे तोफगोळा.

स्फोटाच्या हादऱ्याने इजा होत असावी, असे आधी वाटले. पण स्फोटापासून दूर असलेल्यांमध्येही तीच लक्षणे दिसू लागली. मग संशय सुरू झाला : हा आजार की भित्रेपणा? पळून जाणे, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली, ती थेट २००६ मध्ये.

या संशयाच्या काळातच, १९२५ साली, व्हर्जिनिया वुल्फ यांची 'मिसेस डॅलोवे' ही कादंबरी आली. तिच्यातला सेप्टिमस हा युद्धावरून परतलेला तरुण. त्याचा जिवलग मित्र इव्हान्स युद्ध संपता संपता मारला गेला. तेव्हा आपल्याला फारसे काही वाटले नाही, याचा सेप्टिमसला अभिमानच वाटला होता. काही वर्षांनी मात्र तोच मेलेला मित्र त्याला लंडनच्या बागेत दिसतो.

आज आपण ज्याला भावनिक बधिरता म्हणतो, ती इथे अचूक उतरली आहे. वुल्फ युद्धाची रक्तरंजित वर्णने करत बसत नाहीत. आघात त्या घटनेत कमी आणि त्यानंतरच्या साध्या दिवसांत जास्त दाखवतात. टोप्या शिवणारी, परक्या देशात एकटी पडलेली त्याची पत्नी रेझियाही त्यात होरपळते. आघात एकट्या रुग्णाचा नसतो, तो घराचा असतो.

आणि डॉक्टर? डॉ. होम्स म्हणतात, तुला काहीच झालेले नाही. दुसरे बडे डॉक्टर, सर विल्यम ब्रॅडशॉ, आजार गंभीर आहे हे ओळखतात, पण ऐकून न घेताच त्याला घरापासून दूर पाठवायचे ठरवतात. सेप्टिमस वाचत नाही. वुल्फ यांनी स्वतः वारंवार मानसिक आजार सोसला होता, सक्तीची विश्रांतीही अनुभवली होती. त्यामुळे तपासणीच्या खुर्चीत बसलेल्याला काय ऐकू येते, हे त्यांना ठाऊक होते.

या त्रासाला 'आघातोत्तर तणाव विकार' म्हणजे पीटीएसडी हे अधिकृत नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये दिले. कादंबरीनंतर ५५ वर्षांनी!

लिहिणाऱ्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. लक्षणांची यादी पाठ करून पात्र जिवंत होत नाही आणि आघात म्हणजे कथेला धक्का देण्याचे साधन नव्हे. त्या माणसाचा मंगळवार कसा जातो, ते लिहा. आणि आम्हा डॉक्टरांनी? "काही झालेले नाही" म्हणण्याआधी पाच मिनिटे ऐकावे.

असा त्रास तुम्हाला किंवा घरात कुणाला होत असेल, तर तो भित्रेपणा नाही. त्यावर उपचार आहेत. 'टेली मानस'चा मोफत क्रमांक १४४१६ चोवीस तास सुरू असतो.