फ्रेंच सजावटकला, अठरावे शतक

1715 मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई वारला आणि फ्रेंच सरदारांनी व्हर्साय सोडून पॅरिसची वाट धरली. दरबारी थाटाची प्रचंड दालने त्यांना आता नको होती. गप्पांना सोयीचे, आटोपशीर दिवाणखाने हवे होते. या शतकातल्या फ्रेंच सजावटकलेची घडण या बदललेल्या राहणीतून सुरू झाली.

पंधराव्या लुईच्या काळात रोकोको शैली बहरली. शिंपले, वेली, मुद्दाम विषम ठेवलेली वळणे ही तिची ओळख. पॅरिसमधल्या ओतेल द सुबीझ या हवेलीचे लंबगोल दालन पाहावे: भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होते, हे नजरेला सापडत नाही. याच काळात व्हँसेनचा पोर्सेलीन कारखाना 1756 मध्ये सेव्रला हलला आणि 1759 मध्ये राजाच्या मालकीचा झाला. राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर त्याची खंदी पाठीराखी होती.

1738 पासून हर्क्युलेनियम आणि 1748 पासून पाँपेई या इटलीतल्या गाडल्या गेलेल्या रोमन नगरांचे उत्खनन सुरू झाले. प्राचीन रोमची ओढ वाढली, वळणे मागे पडून सरळ रेषा आणि पुष्पहार आले. या नव्या धाटणीला ‘सोळाव्या लुईची शैली’ म्हणतात, पण ते नाव फसवे आहे. तो 1774 मध्ये गादीवर बसला, तेव्हा ही शैली चांगली रुळलेली होती.

याचा उत्तम पुरावा म्हणजे पंधराव्या लुईचे व्हर्सायमधले लिहिण्याचे मेज. 1760 मध्ये झां-फ्रांस्वा एबेनने ते हाती घेतले. 1763 मध्ये तो वारला. त्याच्याच कारखान्यातल्या झां-आंरी रीझनरने 1769 मध्ये ते पूर्ण केले. दोघेही मूळचे जर्मन. मेजाचे अंग रोकोकोसारखे वळणदार, पण त्यावरच्या मुलाम्याच्या ब्राँझकामात प्राचीनतेची चाहूल लागते. रंगीत लाकडाच्या पातळ तुकड्यांचे जडावकाम चारही बाजूंनी आहे, कारण मेज भिंतीला टेकवायचे नव्हते. वरच्या घड्याळालाही दोन तबकड्या आहेत. एकच किल्ली फिरवली की गोल सरकते झाकण आणि खण एकदम उघडतात. दोन शैलींचा असा सहज मेळ दुसरीकडे क्वचितच दिसतो.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर व्हर्सायमधले सामान 1793-94 मध्ये लिलावात निघाले. 17 हजारांहून अधिक नग विकले गेले. फर्निचरवरची राजचिन्हे काढण्याचे काम नव्या सरकारने रीझनरकडेच सोपवले. या मेजावरची राजाची आद्याक्षरे जाऊन तिथे सेव्रच्या पोर्सेलीनची पदके बसली. ती आजही तिथेच आहेत.