गाव आणि शहर यांचं एक टेबल, आणि रिकाम्या खुर्च्या

आपल्या तालुक्याचं जुनं भांडण सगळ्यांना माहीत आहे. शहराचा कचरा गावाच्या शिवेवर, शहराचं सांडपाणी गावाच्या ओढ्यात. नगरपरिषद म्हणते, हद्द आमची नाही. ग्रामपंचायत म्हणते, पैसा आमच्याकडे नाही. वीस वर्षं ह्या बातम्या लिहितोय. हे भांडण आलं कुठून, तेवढं आज सांगतो.

लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव 1882 चा. पाठोपाठ मुंबई इलाख्यात 1884 च्या कायद्याने खेड्यांसाठी जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली. शहरांच्या नगरपालिका वेगळ्या कायद्याखाली राहिल्या. बाजार एक, नदी एक, पण कारभार दोन. फाळणी तिथूनची.

महाराष्ट्र झाल्यावर वसंतराव नाईक समितीने 1961 मध्ये अहवाल दिला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. काम मोठं झालं, यात वाद नाही. शाळा, दवाखाने, रस्ते खेड्यापर्यंत गेले. पण शहरं बाहेरच राहिली. त्यांच्यासाठी 1965 चा नगरपरिषदांचा कायदा वेगळा. दोघांनी एकत्र बसायचं कुठे, हा प्रश्न तसाच राहिला.

उत्तर आलं 1993 मध्ये, 74 व्या घटनादुरुस्तीतून. कलम 243 झेडडी म्हणतं, प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती हवी. तिने पंचायती आणि नगरपालिकांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा एक आराखडा करायचा. पाण्याची वाटणी, पायाभूत सोयी, पर्यावरण असे दोघांच्या सामाईक हिताचे विषय त्यात धरायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचे, ग्रामीण-शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. म्हणजे आपलं कचऱ्याचं भांडण सोडवायचं टेबल घटनेनेच मांडून ठेवलंय.

महाराष्ट्राने त्यासाठी 1998 मध्ये कायदा केला. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. इथेच मेख आहे. बैठकीची बातमी येते ती पालकमंत्र्यांनी किती कोटींना मंजुरी दिली याची. दोन संस्थांनी मिळून एखादी योजना मांडली, अशी बातमी मला क्वचितच लिहायला मिळाली.

त्यात 2022 पासून राज्यातल्या बऱ्याच जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांवर प्रशासक बसले. सदस्यच नाहीत, तर समितीवर निवडून जाणार कोण? निधी वाटला गेला, पण खुर्च्या रिकाम्या होत्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, तेव्हा कुठे चाकं हलली.

म्हणून एक विनंती. मत मागायला किंवा सत्कार घ्यायला जो कोणी येईल, त्याला गटार आणि पथदिव्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. नियोजन समितीवर आपल्या भागातून कोण जाणार? आणि शेजारच्या गावाबरोबर मिळून कोणतं काम मांडणार?

ओढ्याला हद्द कळत नाही. आपल्या पुढाऱ्यांना तेवढीच कळते. ते टेबल आपलं आहे, त्याची आठवण आपणच करून द्यायची.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.