उष्णता, रक्त आणि बुद्धी

माँतेस्क्यू म्हटला की आपल्याला सत्तेचं विभाजन आठवतं. पण 1748 सालच्या त्याच ग्रंथात हवामानावरही एक भाग आहे, आणि तो वाचायचा आपण बहुधा टाळतो. त्यात त्याने मेंढीची जीभ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, निम्मी गोठवली, आणि वरचे बारीक कण आक्रसलेले दिसले. एवढ्या पुराव्यावर थंड देशांतले लोक धाडसी आणि उष्ण देशांतले भित्रे, आळशी असं त्याने ठरवलं. हिंदुस्थानचं नावही घेतलं. एका जिभेवरून केवढी उडी!

तरी त्याचं एक निरीक्षण बरोबर होतं. माणसाला बंद, गरम खोलीत ठेवा आणि मोठं साहस सुचवा, तो तयार होणार नाही, असं तो म्हणतो. इथेच थांबला असता तर बरं झालं असतं. खोलीचा गुण त्याने माणसाच्या जातकुळीला चिकटवला.

ही खोली पुढे खरोखरच बांधली गेली. केंब्रिजमध्ये मॅकवर्थ यांनी प्रशिक्षित ब्रिटिश बिनतारी कर्मचाऱ्यांना गरम खोलीत तीन तास मोर्स संदेश ऐकून लिहायला बसवलं. 1946 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोरडा तापमापक 85 अंश फॅरनहाइट असताना तासाला सुमारे 12 चुका. 105 अंशांना, दमट हवेत, सुमारे 95. आणि हे लोक उष्णतेला सरावलेले होते बरं का! जे सर्वांत निष्णात होते ते कमी घसरले. म्हणजे फरक पडला तो कसबाने.

मग शरीरात होतं काय? तापल्यावर रक्त त्वचेकडे धावतं, घामाने पाणी जातं, श्वास जलद होतो. जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. कोपनहेगनमध्ये निबो आणि नील्सेन यांनी, या शतकाच्या सुरुवातीला, सायकल चालवणाऱ्यांवर हे मोजलं. शरीर 40 अंश सेल्सियसच्या जवळ गेलं की मेंदूकडचा रक्तप्रवाह जवळजवळ पाचव्या हिश्श्याने घटतो. मेंदू उपाशी पडतो असं मात्र समजू नका; मिळालेल्या रक्तातून तो जास्त ऑक्सिजन काढून घेतो. अडचण उष्णतेची आहे. मेंदू सतत उष्णता निर्माण करतो आणि ती वाहून नेणारं रक्तच कमी येतं, म्हणून तो आणखी तापतो.

ॲरिस्टॉटलच्या मते हृदय हे विचाराचं स्थान, आणि मेंदू रक्त थंड करणारा अवयव. आपण त्याला हसतो. पण मेंदू, रक्त आणि थंडावा यांचा संबंध आहे हे त्याने हेरलं होतं. फक्त कोण कुणाला थंड करतं ते उलटं सांगितलं. चला, आता आपण प्रश्नांकडे वळू.